घटकमांडणी

मनकर्णाबाईला कुत्रं चावलं, एवढीच या गोष्टीत घडलेली घटना आहे. बाकी जे झालं ते सगळं नियोजन.

कुत्रं गावचंच होतं. मनकर्णाबाई उकिरड्यावर शेण टाकून परत येत होती, तेव्हा त्याने मागून येऊन तिच्या पोटरीचा लचका धरला. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. कोणत्याही खात्यात कोणी करत नाही तसं त्याने सरळ कामालाच सुरुवात केली. आदल्या दिवशी त्याच कुत्र्याने एका वासराला धरलं होतं आणि आता ते लाळ गाळत गावभर भिरभिरत होतं. ते पिसाळलं आहे याबद्दल गावात दुमत नव्हतं, आणि दुमत नसलेली ती बहुधा त्या वर्षातली एकच बाब होती. शेजारीण तिखटाचा डबा घेऊन धावत आली, कारण कुत्र्याच्या चाव्यात तिखट भरायचं हे शास्त्र तिला तिच्या सासूकडून मिळालेलं होतं. मनकर्णाबाईने डब्यावर हात ठेवला.

"तिखट कालवणात घाल वं माय," ती म्हणाली, आणि मग नवऱ्याकडे वळली. "अवो, पाहून काय राह्यले? मले दवाखान्यात न्या."

नवरा म्हणजे कडूबा वायाळ. माणूस चांगला. ओलिताची शेती होती, दारात म्हशी होत्या, पोरगी धाड या गावी दिलेली होती आणि अंगावरचं धोतर नेहमी पांढरंशुभ्र असायचं. त्याला आयुष्यात कमी होती ती एकाच गोष्टीची. आमच्याकडे लग्नात मंगलाष्टकांच्या आधी लाउडस्पीकरवरून नावं पुकारतात, आणि ज्याचं नाव निघेल त्याने मांडवात पुढे जाऊन टॉवेल-टोपी घ्यायची असते. सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, सोसायटीचे चेअरमन, नवरदेवाच्या मामाचे मास्तर, असे सगळे उरकेपर्यंत नवरी घामाने भिजते आणि मुहूर्त टळून जातो, पण त्याला इलाज नसतो. कडूबाचं नाव आजवर कोणी पुकारलं नव्हतं. साखरखेर्ड्याच्या लग्नात तर त्याच्या साडूचं नाव पुकारलं, आणि साडू टॉवेल घ्यायला गेला तेव्हा त्याची जागा धरून ठेवायचं काम कडूबाकडे आलं. ते शल्य त्याच्या मनात कायम सलत होतं.

ज्या ग्रामीण रुग्णालयात तो बायकोला घेऊन गेला त्याचं नाव इथे दिलेलं नाही. दिलं असतं तर बाकीच्या तालुक्यांनी 'आपलं नाही बुवा' म्हणून श्वास सोडला असता, आणि ती सवलत कोणालाच द्यायची नाही. रुग्णालयाच्या दाराला कुलूप नव्हतं, पण केसपेपरच्या खिडकीवर एक कागद डकवलेला होता: 'बाह्य घटकांचे विश्लेषण चालू असल्यामुळे बाह्यरुग्ण सेवा पुढील आदेशापर्यंत बंद. हुकमावरून.'

या कागदामागे एक परिपत्रक होतं. वरून असं कळवण्यात आलं होतं की, प्रत्येक रुग्णालयाने आपली धोरणात्मक योजना तयार करावी, त्यासाठी बाह्य पर्यावरणाचा अभ्यास करावा, आणि 'बाह्य घटकांचे विश्लेषण पूर्ण झाल्याखेरीज पुढील कार्यवाही करण्यात येऊ नये'. लिहिणाऱ्याच्या मनात लोकसंख्या, पाऊसपाणी, रस्ते, रोगराई असं काहीतरी असावं. पण परिपत्रक लिहिणारा आणि परिपत्रक वाचणारा यांची आपल्याकडे कधी भेट होत नाही. इथे ते वाचलं हेडक्लार्क नारायणरावांनी. नारायणरावांनी आपल्या उभ्या नोकरीत 'बाह्य' हा शब्द एकाच दारावर पाहिला होता, बाह्यरुग्ण विभागाच्या. तेव्हा बाह्य घटक म्हणजे दारात येणारा पेशंट, आणि त्याचं विश्लेषण झाल्याखेरीज कार्यवाही, म्हणजे उपचार, करायचे नाहीत, असा सरळ अर्थ त्यांनी लावला आणि टिपणी ठेवली. अधीक्षक डॉ. सुरडकर यांनी तिच्यावर सही केली. नारायणरावांनी पुढे केलेला कागद वाचून सही करायची म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवण्यासारखं होतं, आणि डॉक्टर तसे सज्जन होते.

पायरीवर त्यांच्याच गावातला गाद्या भरणारा वाहेद बसला होता. अंगभर कापूस, आणि मांडीला टेकून नऊ-दहा वर्षांची त्याची मुलगी अलफिया. शाळेत जाताना तिच्या मनगटाला कुत्रं चावलं होतं. तिने हाताला ओढणी गुंडाळून घेतली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे ती मोठ्या डोळ्यांनी पाहत होती.

कडूबा खिडकीशी गेला. "साहेब, बायकोले कुत्रं चावलं. सुई पाह्यजे."

"सुई आहे," नारायणराव म्हणाले.

"मग द्या ना."

"देता येत नाही. बाह्य बंद आहे. आधी वर्गीकरण व्हावं लागेल. प्रत्येक बाह्य घटक चारपैकी एका चौकटीत बसला पाहिजे. बलस्थान, उणीव, संधी किंवा धोका. तुमच्या मंडळी कशात बसतात?"

"ते तं पायरीवर बसली हाये."

"मग बसू द्या. कार्यशाळा दोन दिवसांची आहे."

मनकर्णाबाईला मात्र एक उपचार मिळाला. राबिया सिस्टर बाहेर आल्या, तिला आणि अलफियाला आवारातल्या नळापाशी घेऊन गेल्या आणि दोघींच्या जखमा त्यांनी साबण लावून कितीतरी वेळ धुतल्या. नळ इमारतीच्या बाहेर असल्यामुळे त्याला वर्गीकरण लागत नव्हतं. "सुई आजच लागली पाहिजे," त्या धुताधुता पुटपुटल्या, आणि कडूबाला म्हणाल्या, "भाऊ, आत कोणाला तरी धरा. चिकाटी सोडू नका." कडूबाने मान डोलावली. तोवर त्याचा इरादा नेक होता हे इथे नमूद केलं पाहिजे.

एवढ्यात आतून अश्विनी मॅडम आल्या. त्या पुण्याच्या एका सल्लागार संस्थेकडून आल्या होत्या आणि मरगळलेल्या संस्थांना भविष्य दाखवणं हे त्यांचं काम होतं. आल्याबरोबर त्यांच्या लक्षात आलं होतं की इथे परिपत्रकाचा भलताच अर्थ काढलेला आहे. पण त्या रागावल्या नाहीत. "बाह्य पर्यावरण म्हणजे थेट रुग्ण! इतका रुग्णकेंद्री विचार मला अजून कुठेच भेटला नाही," असं त्या डॉ. सुरडकरांना म्हणाल्या, आणि डॉक्टरांनी तो विचार आपला असल्याचं नम्रपणे कबूल केलं होतं. आता त्यांना समाजातला एक प्रतिनिधी हवा होता. त्याला त्या स्टेकहोल्डर म्हणत होत्या; नारायणरावांनी त्याचं मराठी भागधारक असं केलं.

मॅडमनी पायरीवर नजर फिरवली. वाहेदच्या अंगावर कापूस होता. कडूबाचं धोतर पांढरं होतं.

"तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "याल ना आत? तुमचा आवाज आम्हाला हवाय."

"म्या?" कडूबाने मागे वळून पाहिलं, मागे दुसरं कोणी आहे का ते.

"जा ना," मनकर्णाबाई म्हणाली. "आयतंच बोलावून राह्यले तं जा. सुईचं काढा आधी."

कार्यशाळा इंजेक्शनच्या खोलीत होती, कारण तिथे एसी होता. एसी तिथे लसींसाठी बसवला होता. पण लस बोलत नाही आणि पाहुणे बोलतात. लसींचा फ्रीज भिंतीला सरकवून त्यावर फुलदाणी ठेवली होती, आणि त्यातल्या खालच्या कप्प्यात मठ्ठ्याची पातेली गार होत होती. कडूबा दारातच घुटमळला. तेवढ्यात नारायणरावांनी माइकमध्ये फुंकर मारली आणि म्हणाले, "यानंतर आपल्या रुग्णालयाचे भागधारक, माननीय श्री. कडूबाजी वायाळ यांनी मंचावर स्थानापन्न व्हावे, अशी मी त्यांना विनंती करतो."

कडूबाची कानशिलं तापली. पाय जमिनीला लागले की नाही हे त्याला कळलं नाही. स्पीकरचा एक कर्णा बाहेर पिंपळालाही बांधलेला होता, म्हणजे हे नाव पार स्टँडपर्यंत गेलं असणार. स्टँडवर उंद्रीची जीप लागलेली असेल तर त्या गावालाही ते गेलं असणार, आणि उंद्रीतून साखरखेर्ड्याला साडूच्या कानावर जायला काय वेळ लागतो! त्याला एक तुळशीचं रोप देण्यात आलं आणि गळ्यात फितीने एक बिल्ला अडकवण्यात आला. बिल्ल्यावर 'भागधारक' असं छापलेलं होतं. खुर्ची फ्रीजला टेकलेली होती आणि वरून एसीचा चांगला गारवा लागत होता.

"आपण स्वप्न पाहू या," अश्विनी मॅडम म्हणाल्या. "दहा वर्षांनी हे रुग्णालय कुठे असेल?"

"शिखरावर," डॉ. सुरडकर म्हणाले.

"मी त्याआधी निवृत्त होतोय," नारायणराव म्हणाले.

"इथंच असंल," कडूबा म्हणाला. "कुठं जाईन ते? पाया हाये ना त्याले."

मॅडमनी छातीवर हात ठेवला. "किती खोल बोललात! मुळांशी घट्ट राहून वाढ!" त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कडूबाच्या वाक्याला टाळी ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच. पुढचं वाक्य काय बोलावं याचा विचार तो लगेच करू लागला, आणि तिथेच घात झाला.

टेबलावर मोठा पांढरा कागद पसरून त्यावर चार चौकटी आखल्या होत्या. प्रत्येक घटकाची एक रंगीत चिठ्ठी करायची आणि ती योग्य चौकटीत ठेवायची, अशी रीत होती. कडूबा वाकून पाहत म्हणाला, "हे तं घटमांडणीवाणी झालं हो!" मॅडमना कळलं नाही, तेव्हा नारायणरावांनी समजावून सांगितलं की अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या शेतात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात, आणि रात्रीतून कोणता दाणा कुठे सरकला यावरून सकाळी वर्षभराचं भाकीत सांगतात. "म्हणजे हे तुमच्या रक्तातच आहे!" मॅडम म्हणाल्या. 'पारंपरिक ज्ञान' अशी एक चिठ्ठी त्यांनी बलस्थानांत ठेवली. पुन्हा टाळ्या.

आता मात्र कडूबाला बायको आठवली. "मॅडम, माह्या बायकोले कुत्रं चावलं हाये. ते बाहीर बसली हाये."

खोलीत उत्साह पसरला. इतकं ताजं उदाहरण कोणालाच अपेक्षित नव्हतं. मॅडमनी 'कुत्रे' अशी पिवळी चिठ्ठी केली आणि धोक्यांच्या चौकटीत ठेवली. डॉ. सुरडकरांनी हरकत घेतली. "कुत्रे ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येतात. पाय आमच्या अखत्यारीत येतो. प्रश्न दात आणि पाय यांच्यामधल्या जागेचा आहे. ती कोणाकडे?"

"समन्वयाचा अभाव," मॅडम म्हणाल्या आणि त्याचीही चिठ्ठी झाली. मग त्यांनी गुलाबी कागदावर 'मनकर्णाबाई' असं लिहिलं. "आणि या? या कुठे बसतात?"

एक मत असं पडलं की बाई दगावली तर रुग्णालयाचे आकडे बिघडतात, म्हणून ती धोका. दुसरं मत असं की बाई बरी झाली तर यशोगाथा होते, म्हणून ती संधी. राबिया सिस्टर दारात ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, फ्रीजमधून दोन डोस काढू द्या. मी बाहेर नळापाशी देते. चर्चा चालू राहू द्या तुमची."

"सिस्टर," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "अंतर्गत साधन बाह्य घटकासाठी वापरायचं, तर आधी तो घटक कोणता हे ठरायला नको का? उद्या विचारणा झाली तर मी काय उत्तर देऊ?"

"आपण भागधारकांनाच विचारू," मॅडम म्हणाल्या. "कडूबाजी, मोकळेपणाने सांगा. तुमची पत्नी तुम्हाला धोका वाटते की संधी?"

सगळ्यांचे डोळे कडूबाकडे लागले. माइक त्याच्या पुढ्यात आला. इथे त्याने 'आधी सुई द्या' एवढे तीन शब्द म्हटले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तीन शब्दांना टाळी पडत नाही. "लगन होऊन इतके वर्सं झाले," तो म्हणाला, "पण आमाले अजून तेच समजून नाही राह्यलं!"

हशा झाला. डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. नारायणरावांना ठसका लागला. बाहेर पिंपळाच्या कर्ण्यातून हे वाक्य खणखणीत ऐकू गेलं आणि पायरीवर बसलेल्या मनकर्णाबाईने पदर तोंडाला लावला. ती हसत नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत कडूबा बाहेर आला. बिल्ला त्याने सदऱ्यावर नीट दिसेल असा ठेवला होता.

"सुई?" मनकर्णाबाईने विचारलं.

"चर्चेत हाये."

"काऊन? त्यात चर्चा कायची?"

"तुले नाई समजत. ते असं एकदम देता येत नाई. चौकट ठरा लागते आधी."

"भागधारक तुम्ही झाले, पण कुत्रं मले चावलं ना! पाय ठणकून राह्यला माहा. चला, धाडले जाऊ. पोरीच्या गावच्या आरोग्य केंद्रात देतेत म्हणे."

कडूबाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "येडी झाली का वं तू? मी इथला भागधारक, अन् माही बायको दुसऱ्या दवाखान्यात? लोक काय म्हनतीन? संस्थेची इज्जत हाये काही."

सकाळपर्यंत त्याला त्या संस्थेचं नावही धड सांगता आलं नसतं. वाहेद शेजारून ऐकत होता. तो न राहवून बोलला, "कडूबाभाऊ, शरम करा थोडी! बाई इथं तडफडून राह्यली अन् तुम्ही अंदर मठ्ठा पिऊन राह्यले. मी असतो ना तुमच्या जागी, तं फ्रीजच उचलून आणला असता बाहीर."

"तुम्हाला प्रक्रिया माहीत नाही," कडूबा म्हणाला. हे वाक्य तो शुद्ध बोलला. त्याचं त्यालाच नवल वाटलं आणि ते त्याला आवडलंही.

संध्याकाळ झाली तरी मनकर्णाबाईची चिठ्ठी धोका आणि संधी यांच्यामधल्या रेघेवरच होती. निर्णय दुसऱ्या दिवशी घ्यायचं ठरलं. चिठ्ठ्या टेबलावर तशाच ठेवून, पंखा तसाच चालू ठेवून मंडळी घरी गेली; पायरीवरची माणसं पायरीवरच झोपली. रात्री पंख्याने त्याच्या परीने काम केलं. सकाळी पाहतात तर मांडणी पार बदललेली. 'कुत्रे' धोक्यांतून उडून संधींत जाऊन पडलं होतं. 'प्रामाणिकपणा' बलस्थानांत होता तो उणिवांत गेला होता. काल काय कुठे होतं हे कोणालाच नक्की आठवेना.

"घट हलला," नारायणराव गंभीरपणे म्हणाले.

संध्याकाळी मॅडमची गाडी होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला वेळ नव्हता. "खरं म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "कुत्रे ही संधीच आहे. कुत्र्यांमुळे लोक आपल्याकडे येतात. कुत्रे नसते तर त्यांना रुग्णालयाची आठवण तरी झाली असती का?" डॉ. सुरडकरांना हे एकदम पटलं. कुत्रे ही संधी असल्याचं एकमताने ठरलं, आणि संधी हातची घालवायची नाही म्हणून आवारातली कुत्री हाकलू नयेत, असा तोंडी आदेश शिपायाला गेला. ठरावाला भागधारकांचं अनुमोदन लागत होतं. कडूबाने हात वर केला.

गुलाबी चिठ्ठी मात्र कुठेच सापडेना. टेबलाखाली पाहिलं, फ्रीजमागे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर उडाली असावी, किंवा सकाळी झाडूबरोबर गेली असावी. मनकर्णाबाई आता चारपैकी कोणत्याच चौकटीत नव्हती, आणि जे चौकटीत नाही त्याचं काय करायचं याबद्दल परिपत्रकात एक अक्षर नव्हतं.

"नवी चिठ्ठी करा ना," राबिया सिस्टर दारातून म्हणाल्या.

"घटकांची यादी कालच बंद झाली," नारायणराव म्हणाले. "आता नवा घटक घेता येत नाही."

सिस्टर हातातला ट्रे ठेवून सरळ बाहेर पायरीपाशी गेल्या आणि मनकर्णाबाईच्या कानाशी वाकल्या. "बाई, कालच तुम्हाला सांगायला हवं होतं. इथे वाट पाहू नका. कोणाची वाट पाहू नका. धाडची जीप लागलीय, जा." मनकर्णाबाई उठली. तिने एकदा पिंपळावरच्या कर्ण्याकडे पाहिलं, त्यातून कडूबाचा खोकला ऐकू येत होता. मग ती अलफियाकडे वळली.

"चाल वं पोरी. वाहेदभाऊ, चला."

वाहेद अर्धवट उठला, पुन्हा बसला. "वयनी, कालपासून नंबर लावून बसलो. आता उठलो तं नंबर जाईन ना." मनकर्णाबाई लंगडत एकटीच जीपमध्ये बसली.

हे खिडकीतून नारायणरावांनी पाहिलं आणि बातमी सभागृहाला दिली. भागधारकांचं कुटुंब दुसऱ्या केंद्राकडे गेलं! इतकी गंभीर गळती याआधी झाली नव्हती. डॉक्टरांचा चेहरा उतरला. मॅडमनी खेदाने सांगितलं की, ज्याच्या घरचेच बाहेर जातात त्याला भागधारक म्हणवून घेता येत नाही. नारायणरावांनी कडूबाच्या गळ्यातला बिल्ला काढून घेतला. तुळशीचं रोपही परत घेण्यात आलं, कारण समारोपाच्या फोटोला ते लागणार होतं.

"तिले मी सांगतलं होतं हो! थांब म्हनलं होतं!" कडूबा कळवळून सांगत होता. बायको कशी आहे, जीपमध्ये तिला जागा मिळाली की नाही, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. त्याला राग आला होता तो बायकोचाच. आणखी अर्धा दिवस तिला कळ काढता आली नाही.

फोटोला भागधारक तर हवाच होता. नारायणरावांनी माइक उचलला आणि खिडकीतून पायरीकडे पाहिलं. "यानंतर आपल्या रुग्णालयाचे भागधारक, मोहतरम वाहेदभाई यांनी मंचावर स्थानापन्न व्हावे, अशी मी त्यांना विनंती करतो."

पायरीवर वाहेद उभा राहिला. त्याने दोन्ही हातांनी अंगावरचा कापूस झटकला, डोक्यावरची जाळीची टोपी सारखी केली. "अलफिया बेटा, इथंच बैस. हलू नको. अब्बा आत्ता येतो," असं म्हणून तो आत गेला. फ्रीज उचलून आणायची गोष्ट त्याने काढली नाही. दारात त्याला कडूबा भेटला, पण दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

कडूबा पायरीवर येऊन बसला. शेजारी अलफिया. तिच्या मनगटाला सूज आली होती. "चाचा," तिने विचारलं, "सुई कवा देतीन?"

"विश्लेषण सुरू आहे," कडूबा म्हणाला. बिल्ला गेला होता, पण भाषा राहिली होती.

ऊन उतरायच्या आत धाडची जीप परत आली. मनकर्णाबाई उतरली. पुढच्या सुया कधी घ्यायच्या ते तिने तोंडपाठ करून आणलं होतं. ती नवऱ्याला न्यायला आली होती, पण पायरीवर तिला आधी ती पोर दिसली, तिथेच बसलेली, हललेली नाही. मनकर्णाबाईने कोणाला काही विचारलं नाही. तिने अलफियाचा चांगला हात धरला आणि तिला जीपकडे नेलं. जाताजाता ती खिडकीशी थांबली आणि ओरडली, "वाहेदभाऊ, पोरीले घेऊन जाऊन राह्यली मी धाडले! मंग म्हनसान सांगतलं नाई!"

आत वाहेद माइकवर बोलत होता. नुकताच त्याच्या एका वाक्याला हशा मिळाला होता. त्याने खिडकीकडे हात केला, थांबा, बोलून राह्यलो, अशा अर्थाचा.

"अन् तुम्ही?" मनकर्णाबाईने नवऱ्याला विचारलं.

"तू चाल पुढं," कडूबा म्हणाला. वाहेदच्या घरचीही माणसं बाहेर चालली होती, म्हणजे जागा पुन्हा रिकामी होणार हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याने धोतराच्या निऱ्या सारख्या केल्या आणि कान कर्ण्याकडे लावला.

मनकर्णाबाई बरी आहे. अलफियालाही सगळ्या सुया वेळेवर लागल्या. मनकर्णाबाईनेच तिला प्रत्येक वेळी नेलं. या दोघींचा उल्लेख योजनेत नाही, कारण त्या चौकटीत नव्हत्या. योजनेला मात्र शाबासकी मिळाली, आणि तीच पद्धत आता सगळीकडे राबवायची ठरली आहे. म्हणजे तुमच्याही तालुक्यात मॅडम येणार, पिंपळाला कर्णा बांधला जाणार आणि भागधारक शोधले जाणार. कडूबाला हसलात, हसा. तुमचं नाव पुकारलं की तुम्हीही कापूस झटकून उठणार आहात, आणि ते आम्हाला माहीत आहे, कारण गेल्या लग्नसराईत टॉवेल-टोपीला उठताना तुम्हाला आम्ही पाहिलं आहे. कडेवरचं रडतं पोर तुम्ही कोणाच्या मांडीवर टाकून गेलात तेही पाहिलं आहे. तेव्हा खुशाल जा. फक्त तुमच्या घरात एखादी मनकर्णाबाई आहे का, तेवढं आधी बघून ठेवा. बाकी नियोजन झालेलं आहे.